स्टेबलकॉइननं परदेशी पैसे पाठवणं खरंच स्वस्त पडतं का? हिशेब असा लावा

‘यूएसडीटी घ्या, पोट्ट्याच्या मोबाईलवर टाका, खर्च फक्त एक डॉलर.’ दारव्हा-दिग्रसकडे हा सल्ला आता पानठेल्यावरही फुकट मिळतो. माझ्या ऑनलाइन केंद्रावर परदेशात शिकणाऱ्या मुलांचे आईवडील फॉर्म भरायला येतात, आणि त्यांच्यातले बरेचजण हेच ऐकून आलेले असतात. यूएसडीटी हा स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं. एक डॉलरचा आकडा खोटा नाही. पण तो एका वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटमध्ये जाण्याचा खर्च. रुपये देऊन यूएसडीटी घेताना किती गेले आणि तिकडे ते विकून डॉलर करताना किती गेले, हे सांगणारा अजून भेटायचा आहे.

पॅन, आधार, मुलाचा खाते क्रमांक, त्याच्या बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड) हे सगळं हाताशी आहे असं धरतो.

आधी तिकडे किती पोचायला हवेत ते ठरवा. समजा, १,००० डॉलर.

मग त्या दिवसाचा संदर्भ दर लिहून घ्या. एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी तो जाहीर करते. गुगलवर दिसणारा दरही चालेल. या भावानं तुम्हाला डॉलर कोणी देणार नाही, पण कोण किती वर घेतो ते त्यावरूनच कळतं.

आता खरा गुंता, म्हणजे भाव. इथं मीही बरेच दिवस अडखळलो. बँकेच्या दरफलकावर एकाच डॉलरचे पाच-सहा भाव असतात. आपल्या कामाचा रकाना एकच : ‘टीटी सेलिंग’, म्हणजे परदेशी पाठवायचे डॉलर बँक आपल्याला विकते तो भाव. ‘टीटी बाइंग’ हा पैसे इकडे येतात तेव्हाचा भाव, आणि ‘करन्सी’ म्हणजे हातात नोटा घेण्याचा. टीटी बाइंग पाहून ‘आपली बँक किती स्वस्त’ म्हणणारे पुष्कळ. दुसरी गोष्ट, गावातली शाखा परकीय चलनाचं काम स्वतः करत नाही. कागद यवतमाळला, अमरावतीला नाहीतर नागपूरला जातो, आणि भाव लागतो तो कागदावर काम होईल त्या दिवशीचा, तुम्ही सही केली त्या दिवशीचा नाही. म्हणून ‘आज काय भाव’ एवढं विचारून उठू नका. ‘माझा भाव कधी पक्का होणार’ हे विचारा. रक्कम मोठी असेल तर फलकावरच्या भावापेक्षा कमी करून मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि मागायला लाजायचं कारण नाही.

यूएसडीटीचा भाव याहून फसवा. नाव डॉलरचं, म्हणून माणूस डॉलरचाच भाव मनात धरतो. भारतात मात्र तो बहुतेक वेळा संदर्भ दरापेक्षा चढा असतो. बाहेर डॉलर पाठवून स्वस्त यूएसडीटी आणावा आणि इथं विकावा, अशी मोकळी वाट नाही. त्यामुळे मागणी वाढली की भाव चढतो आणि लवकर उतरत नाही. शिवाय जुलै २०२२ पासून विकणाऱ्याचा १ टक्का टीडीएस, म्हणजे व्यवहारातच आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो ती कसर भावातूनच काढणार. अॅपवर ‘फी शून्य’ दिसलं की समजा, फी भावात मुरवली आहे. बाजार समितीत आपण काय पाहतो? भाव कितीही पुकारू दे, कट्टी, हमाली, तोलाई जाऊन चुकारा किती हातात पडला तेवढंच. इथंही तेच पाहा.

एक हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या दिवशीचे तुम्ही टाका. संदर्भ दर ९० रुपये.

बँकेचा भाव ९१.५० धरा. हजार डॉलरचे ९१,५०० रुपये. चलन बदलावर जीएसटी लागतो : लाखापर्यंत रकमेच्या १ टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे इथं १६५ रुपये. कमिशन आणि स्विफ्टचे जीएसटीसह १,१८०. एकूण ९२,८४५. मधल्या बँकेनं १५ डॉलर कापले तर पोरापर्यंत ९८५ पोचतात. पोचलेला डॉलर पडला ९४.२६ ला.

रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली ऑनलाइन सेवा ९०.६० नं देते असं धरा. फी जीएसटीसह ७०८, चलन बदलाचा जीएसटी १६३. एकूण ९१,४७१ आणि पूर्ण हजार पोचतात. डॉलर ९१.४७ ला.

यूएसडीटी ९३ ला मिळाला. हजाराचे ९३,०००, एक्स्चेंजची (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या अॅपची) ०.२ टक्का फी आणि तिच्यावर जीएसटी मिळून २१९. एक्स्चेंजमधून काढून पाठवताना ३ यूएसडीटी गेले, तिकडे विकताना अर्धा टक्का. हातात ९९२ डॉलर. डॉलर पडला ९३.९७ ला.

म्हणजे बँकेहून जेमतेम स्वस्त, ऑनलाइन सेवेहून बरंच महाग. स्टेबलकॉइनच्या जाहिराती तुलना करतात ती जागतिक बँकेच्या सरासरीशी. जगभरात २०० डॉलर पाठवायला सरासरी सुमारे साडेसहा टक्के जातात. ती सरासरी तुमच्या गावाची नाही. तुमचा आकडा तुम्हीच काढा.

मुलगा जर्मनीत असेल तर आणखी एक भानगड. युरोपच्या नव्या क्रिप्टो नियमांखाली टेदरनं, म्हणजे यूएसडीटी काढणाऱ्या कंपनीनं, परवाना घेतला नाही, म्हणून तिथल्या परवानाधारक एक्स्चेंजांनी यूएसडीटी काढून टाकला. तो यूएसडीसी या दुसऱ्या स्टेबलकॉइनमध्ये बदलायचा, मग युरो करायचे, म्हणजे दोनदा कात्री. आणि इथं बसून बदलला तर तीही विक्रीच धरतात : १ टक्का टीडीएस, आणि नफा झालाच तर त्यावर ३० टक्के कर अधिक उपकर.

एवढा हिशेब करून यूएसडीटी स्वस्त निघाला तरी मुलाच्या शिक्षणाची फी त्या वाटेनं पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. भारतातून पैसे बाहेर पाठवायची चौकट एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची : माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर, अधिकृत बँकेमार्फत किंवा अधिकृत विक्रेत्यामार्फत, ए-टू फॉर्म भरून. स्टेबलकॉइन त्या चौकटीत बसत नाही. उद्या फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, विचारणा झाली तर दाखवायला कागद नसतो.

अनोळखी माणसाकडून थेट खरेदी-विक्री तर नकोच. समोरचा बजावतो, ‘रिमार्कमध्ये क्रिप्टो लिहू नका, नुसतं फ्रेंड लिहा.’ ही ओळ दिसली की तिथंच थांबा. तिकडून मुलगा पैसे पाठवतो तेव्हा धोका जास्त. त्याचे यूएसडीटी घेणारा इथं तुमच्या खात्यात रुपये टाकतो. ते रुपये कुठल्या फसवणुकीतले निघाले तर सायबर पोलिसांच्या पत्रावर खातं गोठतं. त्याच खात्यात सोयाबीनचा चुकारा असेल तर तोही अडकतो, आणि तक्रार परराज्यातली असते.

बँकेतून पाठवताना फॉर्मवर शिक्षणाचा कोड एस०३०५ टाका, आणि खर्च कोण सोसणार या रकान्यात ‘आवर’ (OUR, म्हणजे खर्च पाठवणाऱ्याचा) निवडा म्हणजे वाटेतली कपात शक्यतो मुलाच्या रकमेतून होत नाही. वर्षात १० लाखांच्या वर गेलात तर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, कापतात. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी भरली असेल तर एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही. टीसीएस तुलनेच्या हिशेबात धरू नका, रिटर्न भरताना तो वळता होतो. फक्त तेवढे पैसे पाठवायच्या दिवशी खात्यात जास्तीचे ठेवावे लागतात.