गावाची लोकसंख्या शोधायची कशी आणि वाचायची कशी

भाचीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी आमच्या गावची लोकसंख्या हवी होती. तिनं नेटवरून आकडा उचलला, तक्तेही रंगवले. तिच्या आजोबांनी चष्मा वर करून विचारलं, "आपल्या गावात एवढीच घरं?" आकडा शेजारच्या खुर्दचा निघाला. आमचं बुद्रुक.

म्हणून आधी नाव पक्कं करा. पुणे जिल्ह्यात एकाच नावाची गावं ढिगानं आहेत, तेव्हा तालुका आणि खुर्द-बुद्रुक दोन्ही बघा. जनगणना महसुली गाव धरते. वाड्या-वस्त्यांची माणसं त्यातच येतात. ग्रुप ग्रामपंचायत असेल तर तिच्यातल्या प्रत्येक महसुली गावाचा आकडा वेगळा मिळतो.

मग जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरून 2011 ची पुणे जिल्ह्याची जनगणना पुस्तिका उतरवून घ्या. गावाच्या ओळीत कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, 0 ते 6 वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे असे रकाने असतात. सहा महिने किंवा जास्त काम असेल तो मुख्य कामगार, त्याहून कमी असेल तो सीमांतिक.

आता गणित. समजा, गावात 1,240 माणसं आहेत: 640 पुरुष, 600 स्त्रिया. 600 ला 640 नं भागून हजारानं गुणलं की लिंग गुणोत्तर 938. (राज्याचं 929 होतं, पुणे जिल्ह्याचं 915.) साक्षरतेत बहुतेक जण फसतात. साक्षर 880 असतील तर त्यांना 1,240 नं भागायचं नाही. सहा वर्षांपर्यंतची 140 मुलं आधी वजा करा. 1,100 पैकी 880, म्हणजे 80 टक्के. वजाबाकी विसरलात तर गाव उगाच 71 वर येतं.

लहान गावात टक्केवारीवर फार भाळू नका. त्या 140 मुलांत 74 मुलगे आणि 66 मुली असतील तर गुणोत्तर 892. तीन मुलग्यांच्या जागी तीन मुली असत्या तर तेच 972 झालं असतं! एवढ्यावरून गावाला नावं ठेवायची की हार घालायचे? त्यापेक्षा 2001 चा आकडा शेजारी मांडा.

आकडा कुठल्या दिवसांतला आहे, हेही बघा. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. इंदापूर-बारामतीकडे तेव्हा ऊसतोड टोळ्या उतरलेल्या असतात, आणि त्या दिवसांत घरी न फिरकलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जातो. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात उलटं: पुरुष नोकरीसाठी पुण्या-मुंबईत, त्यामुळे स्त्रियांचं प्रमाण जास्त दिसलं तर लगेच हुरळून जाऊ नका.

शेवटी गावात जा. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद असते, अंगणवाडी सेविकेकडे लहान मुलांची आणि आशाताईंकडे घरोघरची. मतदार यादीत फक्त अठरा पूर्ण झालेले, शिवाय पुण्यात राहून गावात नाव ठेवणारेही. एवढी वर्षं लोटल्यावर हे लागतंच. 2011 नंतर काही गावं पुणे महापालिकेत गेली, आणि आंबेगाव तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 ला दरडीखाली गेलं. पुस्तिकेत मात्र ते अजून जसंच्या तसं आहे. पुढची जनगणना 2027 ची. तोवर आकड्याखाली साल लिहायला विसरू नका.