धातूच्या छोट्या मालमोटारी: जोडणीला बसण्यापूर्वीची तयारी

रेल्वेच्या प्रतिकृतीवर उभी करायची धातूची मालमोटार जोडायला घेण्यापूर्वी ती कुठे उभी आहे, कोणत्या काळातली आहे आणि तेव्हा वर्षातला कोणता महिना चालू आहे, हे एका कागदावर लिहून ठेवावे. मृग बहाराची संत्री घेऊन मार्चमध्ये नागपूरच्या कळमना बाजारात आलेल्या ट्रकवर फिकट, कोरडी धूळ असेल. उमरेडकडून ऑगस्टमध्ये कोळसा घेऊन निघालेल्या ट्रकची मागची चाके काळ्या चिखलाने भरलेली असतील. दोन्ही ट्रक एकाच किटमधून तयार झाले, तरी त्यांचा मूळ रंग आणि कोणता भाग आधी रंगवून मग चिकटवायचा हा क्रम वेगळा ठरतो. वेदरिंग, म्हणजे प्रतिकृतीवर धूळ, चिखल, गंज आणि झीज दाखवणे, हे शेवटचे काम असले, तरी त्याचा निर्णय सर्वांत आधी व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

किट मागवताना प्रमाण तपासून घ्यावे. ब्रिटिश किट बहुधा १:७६ या प्रमाणात असतात, तर युरोपीय आणि अमेरिकी किट १:८७ मध्ये. दोन्ही पद्धतींत दोन रुळांमधले अंतर १६.५ मिमीच ठेवले जात असल्याने गफलत सहज होते. सुमारे २.४४ मीटर रुंदीचा ट्रक पहिल्या प्रमाणात ३२ मिमी, तर दुसऱ्यात २८ मिमी भरतो, आणि दोन्ही शेजारी उभे केले की हा फरक लपत नाही. नागपूरच्या जुन्या, ७६२ मिमी अंतराच्या नॅरोगेज रुळांची मांडणी करणाऱ्यांनी १:८७ निवडावे हे उत्तम, कारण त्या प्रमाणात ते अंतर ८.८ मिमीच्या आसपास येते आणि बाजारात मिळणारे ९ मिमीचे रूळ त्याला चालून जातात. अ‍ॅम्बेसेडर हवी असेल, तर ती जिच्यावरून घडली त्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचे किट शोधावे. युरोपीय किटमध्ये चालक डावीकडे बसतो, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे हलवण्याचे काम छत बसवण्यापूर्वीच करायचे आहे, हेही कागदावर नोंदवावे. नंबराच्या पाटीवर नागपूरचा एमएच ३१ लिहायचा असेल, तर गाडी १९८९ नंतरच्या काळातलीच असली पाहिजे.

किट हाती आल्यावर सर्व सुटे भाग पांढऱ्या ताटात काढून चित्राशी ताडून पाहावेत. हे भाग फिरत्या रबरी साच्यात ओतलेल्या कथिलाच्या मिश्रधातूचे असतात आणि जुन्या किटमध्ये शिसेही असते. त्यामुळे कानस मारताना भाग ओला ठेवावा, निघालेला कीस ओल्या कागदाने टिपून वेगळा टाकावा, टेबलावर खाणेपिणे ठेवू नये, लहान मुलांना जवळ बसवू नये आणि उठताना हात साबणाने धुवावेत. साच्याच्या सांध्यावर उरलेली कड बारीक कानशीने व वॉटर पेपरने काढावी. वाकलेला भाग हळूहळू बोटांनीच सरळ करावा, कारण झटका दिला की तो तुटतो. शेवटी कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून सर्व भाग पूर्ण वाळू द्यावेत, कारण साच्याची पूड किंवा बोटांचे तेल राहिले तर प्रायमर धरत नाही.

हत्यारांसाठी दूर जाण्याची गरज नाही. सोनारकामाच्या बारीक कानशी, टोकदार चिमटे आणि हाताने फिरवायचे ड्रिल इतवारीत सराफ्याच्या आसपास शोधावे. आरशासारख्या नाजूक भागांना ०.५ मिमीचे भोक पाडून त्यात पितळी तार बसवली, तर सांधा टिकतो. मोठ्या सांध्यांना दोन नळ्यांचे इपॉक्सी, लहान भागांना इन्स्टंट गोंद. इन्स्टंट गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो रेंगाळतो. उलट इपॉक्सी उकाड्यात फार लवकर आवळते, तेव्हा थोडे थोडेच कालवावे. डाग देण्याची इच्छा असल्यास सुमारे ७० अंशांना वितळणारे खास सोल्डर आणि तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग आयर्न हवे, कारण साध्या आयर्नखाली हा धातूच वितळून जातो.

रंगकामाची तारीख ऋतू पाहून ठरवावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना फवाऱ्यातला रंग वाटेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. कूलर लावलेल्या खोलीत ओलसर हवेने लॅकरवर पांढरट धुके उतरते आणि वाऱ्याबरोबर धूळही येऊन चिकटते. शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ राखून ठेवावी. इनॅमलवर लॅकर मारू नये, तो थर सुरकुततो. साधा धुळीचा मास्क थिनरच्या वाफा अडवत नाही, म्हणून वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि उघडी खिडकी ही दोन्ही यादीत असावीत.

आता वेदरिंगचे सामान. आधी नागपूरजवळच्या वाडी गावातल्या ट्रान्सपोर्टच्या परिसरात किंवा कळमन्याला जाऊन, चालकांना विचारून, खऱ्या ट्रकचे चाक, मडगार्ड, फाळके आणि छत यांचे फोटो घ्यावेत. मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय मापे आणि काळ समजून घेण्यासाठी मोलाचे आहे, पण तिथली इंजिने जपलेली, रंगवलेली असल्याने वापराच्या खुणांसाठी त्यांचा आधार घेऊ नये. परदेशी किटच्या चित्रांवर गंज भरपूर दिसतो. विदर्भात समुद्राचा खारा वारा नाही, म्हणून इथल्या गाडीवर गंज चेसिसपुरता आणि रंग उडालेल्या कडांपुरता ठेवावा. इथे खरी झीज उन्हाची आणि धुळीची असते. बॉनेट आणि छताचा लाल रंग बाजूच्या पत्र्यापेक्षा फिका झालेला असतो, म्हणून त्याच लाल रंगात थोडा क्रीम रंग मिसळून वेगळी डबी आधीच तयार ठेवावी. फटींतून उतरणाऱ्या पातळ रंगासाठी चकचकीत वार्निश, पाट्या त्याच थरावर आणि भुकटीपूर्वी मॅट वार्निश, असा क्रम असावा. भुकटीसाठी कोरडे पेस्टल खडू घासून घ्यावेत, तेलकट पेस्टल चालत नाहीत.

काळी माती वापरायची असेल, तर ती तव्यावर कोरडी करून, वाटून, मलमलीतून गाळावी. ०.१ मिमीचा कण १:८७ मध्ये जवळजवळ ९ मिमीचा खडा दिसतो, म्हणून दोनदा गाळणे आवश्यक आहे. ही माती बेसाल्टपासून बनलेली असल्याने तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात, जे इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात. गाळल्यावर कागदाखालून चुंबक फिरवून ते काढून टाकावेत. सुकल्यावर ही माती काळी राहत नाही, राखाडी होते, तेव्हा उन्हाळ्याच्या ट्रकसाठी तिचा कोरडा रंगच डोळ्यांसमोर ठेवावा. तयार झालेली भुकटी झाकणाच्या डबीत महिन्याचे नाव लिहून ठेवावी आणि मांडणीवरच्या रस्त्याच्या कडेला त्याच डबीतली माती टाकावी, म्हणजे चाक आणि रस्ता यांचा रंग जुळेल.