आयरिश ट्यून्स वाजवायच्यात? आधी व्हिसल घ्या, फ्लूट नंतर

आयरिश संगीत ऐकून ऐकून एक दिवस हात शिवशिवायला लागतात आणि मग पहिला प्रश्न पडतो, फ्लूट घ्यायची की टिन व्हिसल, म्हणजे टोक तोंडात धरून सरळ फुंकायची सहा छिद्रांची छोटी पत्र्याची बासरी. माझं स्पष्ट मत आहे की फ्लूटच शिकायची असली तरी आधी डी स्केलची साधी व्हिसल घ्या, कारण दोन्हीचं फिंगरिंग जवळपास तेच, आणि व्हिसलमध्ये फुंकलं की सूर लगेच निघतो. फ्लूटवर ओठांची ठेवण जमेपर्यंतच काही आठवडे जातात, तेवढ्यात व्हिसलवर पहिली ट्यून बसत आलेली असते.

डीच का, तर बहुतेक ट्यून्स डी किंवा जी मध्ये असतात किंवा त्याच सुरांवरच्या मायनरसारख्या मोडमध्ये. दुसऱ्या स्केलची व्हिसल आवडली म्हणून आणली तर ज्यांच्यासोबत वाजवायचंय त्यांच्याशी सूरच जुळणार नाही. महागडी घ्यायची गरज नाही. क्लार्क, जनरेशन, फेडोग या कंपन्यांच्या साध्या व्हिसल नावाजलेले वादकही वाजवतात, आणि ही काही अलीकडची गोष्ट नाही, क्लार्कची टिनची व्हिसल इंग्लंडमध्ये 1843 पासून बनतेय.

बासरी वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. बासरीवर वरची तीन छिद्रं बंद केली की सा येतो, डी व्हिसलवर तिथे जी आहे. म्हणजे जी मधली ट्यून बोटांना लगेच ओळखीची वाटेल, पण डी मधल्या ट्यूनला सगळी छिद्रं बंद असतानाचा सूर, म्हणजे तुमचा मंद्र पंचम, हाच सा धरावा लागतो आणि सुरुवातीला डोकं गरगरतं. शिवाय शुद्ध मध्यमासाठी आपण अर्धं छिद्र उघडतो ना, इथे त्या जागी सी नॅचरल आहे आणि तो वरचं पहिलं छिद्र उघडं, दुसरं-तिसरं बंद, खालची तिन्ही उघडी असा घ्यायचा. वेगात हेच सोपं पडतं.

बोटांची टोकं नाही टेकवायची, पेराचा मऊ भाग टेकवायचा, बोटं सरळ आणि सैल. चिरका आवाज आला की लोक जास्त जोरात फुंकतात, पण दहातल्या नऊ वेळा कुठलं तरी छिद्र नीट झाकलेलं नसतं, बहुतेक वेळा उजव्या हाताच्या अनामिकेचं. खालचा सप्तक अगदी हळू फुंकीत येतो, वरच्यासाठी फिंगरिंग तेच, फुंक थोडी वाढवायची, फक्त वरच्या डी ला पहिलं बोट उचललं की सूर स्वच्छ निघतो.

आता खरा मुद्दा. हे नाचाचं संगीत आहे. ट्यूनचे साधारण दोन भाग, प्रत्येक आठ मात्राखंडांचा, प्रत्येक भाग दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. जिग, रील ही नाचांची आणि त्यांच्या ट्यून्सचीही नावं. जिग सहाच्या हिशोबात चालते, तीन-तीनच्या दोन गटांत, दादरा माहीत असेल तर मोजायला अडचण नाही, पण वजन वेगळं आहे, तिनातला पहिला सूर जरा लांब आणि मधला आखूड, सगळे सारखे वाजवले की शिवणयंत्र चालल्यासारखं वाटतं. रील चारच्या ठेक्यात धावते, स्लिप जिग नऊची, हॉर्नपाइप झुलत चालतो, पोल्का दोनचा आणि तो आयर्लंडमधल्या कॉर्क आणि केरी या काउंटींच्या सीमेवरच्या स्लीव लुआख्रा भागाचा जीव की प्राण. सुरुवात पोल्का किंवा सोप्या जिगने करा, रील नंतर. द केश नावाची जी मधली जिग बऱ्याच जणांची पहिली असते, चाल मोकळी आहे आणि बोटं फार अडकत नाहीत.

शिकायचं कसं, तर कानाने. नोटेशन मिळतं, शिकागोचे पोलीस प्रमुख असलेल्या फ्रान्सिस ओ'नील यांनी 1903 मध्येच 1850 ट्यून्सचा संग्रह छापला होता आणि आता तर एबीसी नावाच्या साध्या अक्षरांच्या लिपीत हजारो ट्यून्स नेटवर आहेत, पण कागदावर फक्त सांगाडा असतो, कुठे लांबवायचं, कुठे गाळायचं ते त्यात नसतं. एक ट्यून निवडा, आठवडाभर नुसती ऐका, गुणगुणता आली पाहिजे, मग रेकॉर्डिंगचा वेग पाऊण किंवा अर्धा करून दोन-दोन खंड वाद्यावर शोधा. वेळ लागतो, पहिल्या ट्यूनला महिनाही लागेल, पाचवीला आठवडा. कागद बघायचाच असेल तर कानाने बसवून झाल्यावर, एखादा अडलेला सूर तपासायला.

ऐकायला काय घ्यावं? व्हिसलसाठी मेरी बर्गिन, 1979 ची तिची रेकॉर्ड आजही मापदंड मानली जाते, आणि तिच्या अगदी उलट टोकाला क्लेअर काउंटीतल्या डूलिनचे मिको रसेल, कमी सूर, साधी सजावट, पण ठेका असा की पाय थांबत नाही. नवशिक्यांनी मिकोंना जास्त ऐकावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांचं वादन आपल्या आवाक्यातलं वाटतं आणि तरी गोड लागतं. फ्लूटसाठी मॅट मॉलॉय, आणि 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड केलेले लिट्रिम काउंटीचे जॉन मकेना, त्यांच्याकडून फुंकेचा जोर शिकावा.

श्वास हा विषय कोणी पुरेसा सांगत नाही. ट्यूनमध्ये विश्रांतीच नसते, मग श्वास घ्यायचा कुठे? तर एखादा सूर चक्क सोडून द्यायचा. खंडाच्या अगदी शेवटीच घेतला पाहिजे असं नाही, लांब सूर आखूड करून तिथे घ्या, मात्र ठेक्याच्या मुख्य सुरावर कधीच नको. आधी दोन-तीन जागा ठरवा, मग त्या बदलत राहा. याच जागांतून नंतर तुमचं फ्रेजिंग, म्हणजे सूर कुठे जोडायचे-तोडायचे ती पद्धत, बनते, म्हणून संपूर्ण दम संपायची वाट बघू नका, छोटे-छोटे श्वास आधीच घ्या.

सजावट मात्र घाईने नको. मी स्वतः पहिले काही महिने रोलच्या मागे लागलो आणि ठेका हातातून गेला, तो परत आणायला दुप्पट वेळ लागला. आधी फक्त कट शिका, म्हणजे सुराच्या सुरुवातीलाच वरचं एक बोट क्षणभर उचलायचं, डी पासून जी पर्यंत डाव्या अनामिकेने, ए आणि बी साठी डाव्या तर्जनीने. कणस्वरासारखं आहे पण त्याचा सूर ऐकू येता कामा नये, नुसता टिचका. एकच सूर लागोपाठ दोनदा आला की जिभेने तोडण्याऐवजी हाच कट टाकायचा. तो बसला की टॅप, म्हणजे खालच्या छिद्रावर बोट आपटून लगेच उचलायचं. मग रोल म्हणजे काय, एकाच सुराचे तीन तुकडे, मधल्याला कट, शेवटच्याला टॅप, आणि तिन्ही ठेक्यात. जी वर आधी करून बघा, तिथे सगळ्यात सोपा जातो.

फ्लूटकडे वळाल तेव्हा चाव्या नसलेली, साधी सहा छिद्रांची डी फ्लूट बघा, ऑर्केस्ट्रातली चांदीची बोम फ्लूट नव्हे. लाकूड हवामानाने तडकू शकतं, म्हणून पहिली फ्लूट डेलरिन या प्लास्टिकची घेतली तरी काही बिघडत नाही. पहिले काही दिवस नुसता डोक्याकडचा तुकडा आरशासमोर फुंका, ओठांची फट बारीक, हवा छिद्राच्या पलीकडच्या काठावर. चक्कर आली तर थांबा, हवा वाया जातेय. खालचा डी भरदार यायला महिने लागतात, तो रोज पाच मिनिटं.

आणि सेशन, म्हणजे पबात वगैरे एकत्र बसून सगळ्यांनी मिळून ट्यून्स वाजवणं. आयर्लंडला जायचं जमलं तर जुलैत क्लेअरमधल्या मिलटाउन मालबेला विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं, 1973 पासून, सकाळी वर्ग आणि संध्याकाळी पबापबात वाजवणं. कुठल्याही सेशनला आधी बाजूला बसून ऐका, बसायच्या आधी विचारा, येत नसलेल्या ट्यूनवर हळूच सूर चाचपत बसू नका, बाजूच्याला त्रास होतो. ट्यून्स दोन-तीनच्या सेटमध्ये, प्रत्येक साधारण तीनदा वाजते. नवख्यांसाठी बऱ्याच ठिकाणी स्लो सेशन असतं, तिथे दहा-बारा ट्यून्स घेऊन जा, आणि कोणी "तू एक सुरू कर" म्हटलं तर जी सगळ्यात पक्की आहे तीच, आणि तुम्हाला तीनदा पेलेल त्याच वेगाने सुरू करा.