शेतघराच्या परिसरात परतणारे वसंतातले वन्यजीवन कसे पाहावे

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर किंवा देशावरच्या माळरानालगत ज्यांचे शेतघर आहे, त्यांना वसंतातली पाखरांची लगबग पाहण्यासाठी अभयारण्य गाठण्याची गरज नाही. आपल्याकडचा वसंत कोरडा असतो. अनेक झाडे पाने गाळून बसलेली असतात, ओढे आटत चाललेले असतात आणि त्यामुळे पशुपक्षी प्रामुख्याने दोनच गोष्टींभोवती एकवटतात, ती म्हणजे फुललेली झाडे आणि उरलेले पाणी. म्हणून शेतभर फिरत राहण्यापेक्षा एक झाड आणि एक पाणवठा निवडून, माघापासून वैशाखापर्यंत शक्य तितक्या नियमाने त्यांच्यासमोर बसावे.

झाड निवडताना काटेसावर, पांगारा किंवा पळस यांपैकी जे घराजवळ असेल ते घ्यावे. सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम. ऊन आपल्या पाठीशी राहील अशी बैठक शोधावी, मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८×४२ मापाची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्यावी, कारण तिच्यातून प्रतिमा फारशी हलत नाही आणि पहाटेच्या मंद उजेडातही ती स्पष्ट दिसते. साळुंकी, भांगपाडी मैना, बुलबुल, कावळे आणि खारीसुद्धा मधासाठी या फुलांवर येतात. जांभळा शिंजीर या मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचा नर या दिवसांत काळसर जांभळ्या झळाळीत असतो, तर विणीच्या हंगामाबाहेर तो मादीसारखाच फिकट दिसतो आणि गळ्यावरून पोटाकडे जाणारी गडद पट्टी एवढीच त्याची खूण उरते. म्हणून नुसते नाव न लिहिता पिसारा कसा होता तेही टिपावे.

याच फुलांवर भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंग आणि काळे डोके असलेले हे पाहुणे हिवाळा आपल्याकडे काढून साधारण एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे विणीसाठी निघून जातात. कोकिळेची पहिली साद कोणत्या दिवशी ऐकली हे बहुतेक जण आवर्जून लिहितात, पण भोरड्या किंवा धोबी पक्षी शेवटचे कधी दिसले याची नोंद क्वचितच सापडते. शेवटचा दिवस तोच होता हे त्या दिवशी कळत नसल्यामुळे ती तारीख मिळवण्याचा मार्ग एकच आहे: बसलो त्या प्रत्येक दिवशी वेळ, ठिकाण आणि दिसलेल्या जाती लिहाव्यात आणि काहीच दिसले नाही तर तसेही लिहावे. माझ्या मते, संपूर्ण वहीत सर्वांत मोलाच्या नोंदी याच असतात.

पाण्यासाठी मातीचे पसरट भांडे पुरेसे आहे. पाणी बोट-दोन बोटेच खोल ठेवावे, मध्ये एखादा खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखरांना आणि मधमाश्यांना टेकता येते. मांजराला दबा धरता येऊ नये म्हणून भांडे झुडपापासून थोडे दूर असावे. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासून घ्यावे. विहिरीला कठडा नसेल तर प्राणी आत पडू नयेत याची काळजी आधी घ्यावी.

पाहण्याइतकेच महत्त्व काही कामे न करण्याला आहे. पांगाऱ्याची किंवा शेवग्याची वाळकी फांदी सरपणासाठी तोडण्याआधी तिची खालची बाजू निरखावी; तिथे गोल, रेखीव भोक दिसले तर ते तांबट पक्ष्याचे घर असण्याची दाट शक्यता आहे. नांगरलेल्या रानात किंवा माळावर टिटवी उघड्यावर, खड्यांमध्ये, सहसा चार अंडी घालते आणि मातीच्या रंगात ती इतकी मिसळून जातात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की आल्या वाटेने मागे फिरावे आणि दूरवर बसून पाहावे. भर उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. हे दृश्य दुर्बिणीतून ज्यांनी पाहिले आहे, ते बांध पेटवताना आधी चारदा विचार करतील. बांधावरचे गवत जाळण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि साप त्यात होरपळतात, म्हणून निदान एक बांध तरी न जाळता राखावा. त्याच बांधावर धामण दिसली तर तिला जाऊ द्यावे, कारण ती बिनविषारी असून उंदीर खाते.

शिंजिराचे लोंबते घरटे पुष्कळदा ओसरीच्या तारेलाच सापडते. कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेले, बाजूला तोंड आणि त्यावर पडवीसारखा आडोसा असलेले हे घरटे एकटी मादी बांधते आणि अंडीही तीच उबवते. आडोशाची पाने तोडून छायाचित्र काढू नये, कारण कावळ्यांची नजर लगेच तिथे जाते. मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला जवळ बोलावणेही विणीच्या दिवसांत टाळावे.

पावशाचे ‘पेरते व्हा’ घुमू लागले आणि पुढे पावसाच्या तोंडावर चातक दिसला की या हंगामाच्या नोंदी पूर्ण होतात. पक्ष्यांच्या याद्या ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर आणि झाडांच्या फुलोऱ्याच्या नोंदी ‘सीझनवॉच’ या भारतीय उपक्रमात भरता येतात, म्हणजे त्या अभ्यासकांना वापरता येतात. मात्र घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर कोठेही जाहीर करू नये.