दिवाळीचा ताण: दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतचं नियोजन

दिवाळीच्या आठवड्यात साफसफाई, फराळ, खरेदी, प्रवास आणि पाहुणे ही पाच कामं एकावर एक येऊन पडतात, आणि बहुतेक घरांत ती एकाच माणसाच्या डोक्यावर असतात. मग नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणं लावताना डोळे उघडत नाहीत आणि पाडव्याला एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून घर दणाणून जातं. भांडण वरवर चकलीवरून झालेलं असतं, त्यामागे आठ दिवसांची अपुरी झोप असते. त्यामुळे ताण कमी करायचा तर सुरुवात कामाच्या मांडणीपासून करायला हवी. श्वसनाचे व्यायाम वगैरे त्यानंतर.

वीस दिवस हाताशी आहेत

दसरा अश्विन शुद्ध दशमीला आणि लक्ष्मीपूजन अमावास्येला. मधे साधारण वीस दिवस मिळतात. दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कोजागरी आणि तिच्यानंतर अकरा-बारा दिवसांनी वसुबारस. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी कॅलेंडर नीट बघा. काही वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतात. तसं असेल तर पहाटेचं अभ्यंगस्नान, सकाळचा फराळ आणि संध्याकाळची पूजा एकाच दिवसात बसवायची असते, म्हणून त्या दिवशी दुपारी कुणालाही जेवायला बोलावू नका.

मग एक मोठा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: काम, कोण करणार, कधीपर्यंत. यात न दिसणारी कामंही लिहा. दळण आणणं, गॅस सिलिंडर नोंदवणं, शिंप्याकडे ब्लाउज टाकणं, आजीच्या गोळ्या दिवाळीआधी आणून ठेवणं, आकाशकंदिलाची वायर आणि होल्डर तपासणं, कामवाल्या मावशी कोणत्या दिवशी येणार नाहीत ते विचारणं. माणसं थकतात ती बरीचशी याच कामांनी, कारण ती कुणी मोजत नाही. कागद भरला की त्यातली एक तृतीयांश कामं खोडा. माळ्यावरचं सामान दिवाळीनंतर लावलं तरी लक्ष्मी रुसत नाही. उरलेल्या प्रत्येक कामापुढे नाव आलंच पाहिजे. ‘मी मदत करीन’ हे नाव लिहिल्यासारखं नव्हे. ज्याच्या नावावर किराणा आहे त्याने यादी करायची, दुकानात जायचं आणि सामान डब्यात भरूनही ठेवायचं.

साफसफाई

दर शनिवार-रविवारी एक खोली. आधी पंखे आणि जाळ्या, मग पडदे-चादरी, शेवटी फरशी. क्रम उलटला की धुतलेल्या चादरीवर धूळ पडते आणि काम दोनदा होतं. स्वयंपाकघराचे दोन भाग करा. फळ्या आणि डबे फराळाआधी, ओटा आणि टाइल्स शेवटचं तळण झाल्यावर. ओटा आधी घासला तर चकल्यांच्या तेलाने तो पुन्हा चिकट होणारच. धुतलेले डबे एक अख्खा दिवस उन्हात वाळवा, झाकणाच्या खाचेत राहिलेल्या ओलाव्याने चिवडा सादळतो.

दोन गोष्टी जिवाशी येतात. स्टुलावर चढताना खाली धरायला माणूस हवाच. आणि ब्लीचिंगचं पाणी व संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात श्वास कोंडतो.

फराळ: थोडा, आणि क्रमाने

सगळे पदार्थ घरीच झाले पाहिजेत हा हट्ट सोडला तर निम्मा ताण जातो. घरचे खरोखर आवडीने खातात असे तीन पदार्थ निवडा, बाकीचे महिला बचत गटाकडून किंवा घरगुती ऑर्डर घेणाऱ्या ताईंकडून आणा. ही ऑर्डर कोजागरीच्या आत द्या, पुढे त्याही घेत नाहीत. चार माणसांच्या घराला, येणारे-जाणारे धरून, अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा, अर्धा किलो भाजणीच्या चकल्या आणि अर्धा किलो बेसनाचे लाडू पुरतात.

टिकणारे पदार्थ आधी करायचे. वसुबारसेच्या आठवडाभर आधी शंकरपाळे आणि शेव, मग चिवडा, मग चकली, मग लाडू, अगदी शेवटी करंज्या. करंजीत ओलं खोबरं घातलं तर ती दोन दिवसांत संपवावी लागते, सुक्या खोबऱ्याची पुष्कळ टिकते. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावं लागतं, आणि गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे फुटून पसरतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने ते ऐन दिवाळीत करायला घेऊ नयेत.

एका दिवशी एकच तळण, तेही सकाळी. रात्री दहाला सोऱ्या हातात घेतला आणि पहिला घाणा बिघडला की रडू येतं, आणि तेव्हा डोकं दुरुस्तीकडे वळत नाही. चकलीचं म्हणूनच सविस्तर सांगायला हवं. अर्धा किलो, म्हणजे साधारण चार वाट्या भाजणीला चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाणी उकळतं हवं. आधी साडेतीन वाट्या घालून पीठ अर्धा तास झाकून ठेवा आणि मळताना लागेल तसं वाढवा. सगळ्या चकल्या पाडून ठेवण्याआधी एकच तळून बघा. तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळा. पाडताना तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. कडक झाली तर मोहन कमी पडलंय, चमचाभर गरम तेल घाला. गार झाल्यावर मऊ पडली तर आच मोठी होती, बाहेरून रंग आला पण आत ओलसर राहिली. तीच चकली मंद आचेवर परत तळली की सुधारते. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली काढायची नाही.

लाडवाला अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर. मंद आचेवर अर्धा तास तरी भाजावं लागतं, त्यामुळे हे काम दोघांत वाटून घ्या. बेसन कोमट झाल्याशिवाय साखर घातली तर ती वितळते आणि लाडू बसतात. तसे झाले तर तासाभराने पुन्हा वळा. चिवड्याचे पोहे मोठ्या आचेवर आक्रसतात, आणि गरम चिवडा डब्यात भरला तर वाफेने मऊ पडतो. बाकी पदार्थांत फारसं बिघडण्यासारखं नाही.

घरात बोलायचं कसं

‘मला नाही जमणार’ म्हटलं की वाद सुरू होतो. त्याऐवजी काय जमेल ते आधी सांगा: ‘आई, यंदा लाडू आणि चिवडा मी करते, करंज्या ऑर्डर करूया. सारण तुमच्या हातचं त्यांना देऊ.’ ज्येष्ठांना पदार्थाइतकंच आपल्या हाताला मान असणं महत्त्वाचं वाटतं, तो मान जपला की बरंच सुटतं. पाडवा सासरी आणि भाऊबीज माहेरी, की उलट, हे दसऱ्यालाच दोन्ही घरांना सांगून टाका. लग्न, नोकरी, मार्क, मूलबाळ यांवरच्या प्रश्नांना एकच वाक्य तयार ठेवा: ‘काही ठरलं की तुम्हाला कळवूच, काकू. चकली कशी झालीय सांगा.’ मुलांची अशी चौकशी सुरू झाली तर आईवडिलांनीच मधे बोलावं, मुलांवर सोडू नये.

पैसा आणि तिकीट

आधी एकूण रक्कम ठरवा. तीतून मोडता न येणारे खर्च वजा करा: कामवाल्या मावशींचा बोनस (अनेक घरांत एका महिन्याचा पगार देतात), वॉचमन आणि सफाई कामगारांची बक्षिसी, ओवाळणी, प्रवास. उरेल त्यात कपडे, फराळ, कंदील. धनत्रयोदशीला सोनं घ्यायचं असेल तर भावावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरूनच रक्कम ठरवा, नाहीतर काउंटरवर हिशेब चुकतो. हप्त्यावर वस्तू घेताना प्रक्रिया शुल्क किती आणि रोख घेतल्यास सवलत किती, हे दोन्ही विचारा. जानेवारीतला ताण पुष्कळदा ऑक्टोबरच्या हप्त्यांतून येतो.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणजे जायची तारीख पक्की करून तो दिवस मोबाइलमध्ये लावून ठेवा. परतीचं तिकीट दुसऱ्या तारखेला खुलं होतं, ते विसरतं. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० ला आणि इतरांसाठी ११ ला. ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं, तेही आधीच करून ठेवा. शक्य असेल तर परतल्यावर एक दिवस रजा ठेवा.

त्या चार-पाच दिवसांत शरीर सांभाळणं

अभ्यंगस्नानाला चारला उठायचं तर आदल्या रात्री दहाला दिवे बंद. रांगोळी, कपडे, उटणं, तेल संध्याकाळीच काढून ठेवा. दुपारी वीस-पंचवीस मिनिटं पडा. याहून जास्त झोपलं तर रात्र बिघडते. फराळ न्याहारीच्या जागी खा, जेवणाच्या वर आणखी नको. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी गोळ्यांची वेळ पाहुण्यांमुळे चुकवू नये. दमा असेल तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडक्या बंद करून इनहेलर जवळ ठेवावा.

राग चढतोय असं वाटलं तर गॅस बंद करा आणि गॅलरीत या. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. श्वास सोडायला जास्त वेळ दिला की हृदयाचे ठोके हळू होतात, म्हणून सहाचा आकडा महत्त्वाचा. गॅस चालू ठेवून घाण्याच्या मधे हे करू नका, तेल तापत राहतं.

पण सण संपूनही दोन आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही, सतत रडू येतं, असं असेल तर तो दिवाळीचा शीण समजून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटत असेल तर त्याच क्षणी घरच्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

घरात दुखवटा असेल तर

माणूस गेल्यानंतरची पहिली दिवाळी सगळ्यांत जड जाते. पुष्कळ घरांत त्या वर्षी तळण करत नाहीत, नातेवाईक फराळ घेऊन येतात. येणाऱ्यांनी डबा देऊन लगेच निघू नये, थोडं बसावं, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलावं. घरच्यांनी काय करायचं आणि काय नाही हे आठवडाभर आधी ठरवावं: दाराशी एक पणती लावायची का, मुलांनी शेजारी फुलबाजे उडवायला जायचं का. मुलांना जाऊ द्यावं. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सातच्या सुमारास, शेजारी दिवे लागलेले असताना, कुणी फोन करायचा हे बहीणभावंडांनी आधीच आपसांत ठरवून ठेवावं.