प्रॉक्समॉक्सवर विंडोज सर्व्हर चढवताना डिस्क दिसत नाही तेव्हा

प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवणारी प्रणाली. त्यावर लिनक्सचं मशीन विनातक्रार उभं राहतं. विंडोज सर्व्हर २०२२ मात्र डिस्क निवडायच्या स्क्रीनवर अडतो आणि नेमका तिथेच चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामुळे आधीचं भरभर उरकू.

विंडोजची आणि व्हर्टआयओ ड्रायव्हरची (व्हर्टआयओ म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीची वेगवान डिस्क-नेटवर्क पद्धत), दोन्ही आयएसओ, म्हणजे सीडीच्या प्रतिमा-फाइल, होस्टवर, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या मूळ सर्व्हरवर, चढवून घ्या. 'क्रिएट व्हीएम'मध्ये विंडोज निवडा आणि ड्रायव्हरसाठी दुसरा सीडी ड्राइव्ह जोडा. मशीनचा प्रकार क्यू३५, बायोस ओव्हीएमएफ (यूईएफआय), डिस्क कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी सिंगल. एक सॉकेट, चार कोअर, मेमरी ८१९२ एमबी, नेटवर्क कार्ड व्हर्टआयओ. डिस्कची बस, म्हणजे ती मशीनला जोडायची पद्धत, स्कझी ठेवा आणि 'डिस्कार्ड'वर टिक कराच. थिन स्टोरेजवर (जिथे जागा लागेल तशीच घेतली जाते) ती नसेल तर आतल्या फाइल पुसूनही होस्टवरची जागा सुटत नाही, आणि पूल, म्हणजे ती सामायिक जागा, भरला की त्यावरची सगळीच मशीन गोत्यात येतात.

कन्सोल आधी उघडा, मग मशीन सुरू करा. सीडीवरून बूट व्हायला कीबोर्डवरची एखादी की दाबायची असते, त्याला जेमतेम काही सेकंद मिळतात.

आता डिस्कची यादी रिकामी दिसेल. डिस्कमध्ये काहीही बिघाड नाही; विंडोजच्या आयएसओत व्हर्टआयओचे ड्रायव्हरच नसतात. 'लोड ड्रायव्हर' दाबा, ब्राउझ करून ड्रायव्हरच्या सीडीवर जा, 'व्हीआयओस्कझी' फोल्डर उघडा, त्यात '२के२२', त्यात 'एएमडी६४'. त्याच सीडीवर 'व्हीआयओस्टोर' नावाचं फोल्डर आहे. नाव बघून हात तिकडेच जातो, पण तो ड्रायव्हर व्हर्टआयओ ब्लॉक बसचा. तो चढवून इथे यादी रिकामीच राहणार. दुसरा ड्राइव्ह न जोडता त्याच ड्राइव्हमध्ये सीडी बदलली असेल, तर डिस्क दिसूनही 'इथे इन्स्टॉल करता येत नाही' असं ऐकावं लागतं. विंडोजची आयएसओ परत घाला आणि 'रिफ्रेश' दाबा.

'सध्या आयडीई किंवा साटा (ड्रायव्हर न मागणाऱ्या जुन्या बस) घ्या, नंतर बदलू' हा सल्ला अजिबात ऐकू नका. विंडोज चढल्यावर नुसती बस बदलली की निळी स्क्रीन येते, कारण बूट होताना लागणारा स्कझी ड्रायव्हर आत बसलेलाच नसतो. कुणी आधीच तसं करून ठेवलं असेल, तर मूळ डिस्क जुन्या बसवरच ठेवून १ जीबीची एक रिकामी डिस्क स्कझीवर जोडा. विंडोज सुरू करून ड्रायव्हर चढवा, ती डिस्क डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसते ना हे बघा आणि मशीन बंद करा. मग मूळ डिस्क 'डिटॅच' करून स्कझीवर परत जोडा, रिकामी काढून टाका. शेवटी ऑप्शन्समधल्या बूट ऑर्डरमध्ये मूळ डिस्कवर टिक करा. डिटॅच करताना ती यादीतून गळते आणि मग मशीन नेटवर्कवरून बूट व्हायला बघतं.

इन्स्टॉल झाल्यावर नेटवर्क नसेल, ते अपेक्षितच आहे. ड्रायव्हरच्या सीडीवरचं गेस्ट टूल्स चालवा. नेटवर्कचा ड्रायव्हर आणि क्यूईएमयू एजंट (आत राहून प्रॉक्समॉक्सचे आदेश ऐकणारा प्रोग्रॅम) दोन्ही त्यातच आहेत. ऑप्शन्समध्ये एजंट चालू करायचा तो यानंतरच. आत एजंट नसताना तो चालू ठेवला, तर 'शटडाउन'चा आदेश उत्तराची वाट बघत टाइमआउट होतो.

दोन्ही आयएसओ काढून टाका. लोकल स्टोरेजवरची सीडी अडकलेली राहिली तर मशीन दुसऱ्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या दुसऱ्या सर्व्हरवर, हलत नाही.