विधिमंडळाला खर्चाचा हिशेब पाठवताना या चुका टाळा

अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की मंत्रालयापासून पंचायत समितीपर्यंत एकच निरोप फिरतो: माहिती आजच्या आज पाठवा. कधी तारांकित प्रश्न असतो, कधी लक्षवेधी, कधी विधिमंडळाच्या लोकलेखा समितीची प्रश्नावली, तर कधी विधिमंडळाच्याच पंचायती राज समितीचा दौरा. निमित्त बदलतं, चुका त्याच राहतात. जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत राहून मी त्या वर्षानुवर्षं पाहत आलोय. टेबलावर नवीन आलेल्यांना दर वेळी तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विधिमंडळाने विनियोजन विधेयक मंजूर केल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही, असं संविधानाचा अनुच्छेद २०४ सांगतो. ज्यांनी पैसे मंजूर केले ते हिशेब विचारणारच. तरीही प्रश्नावली आली की कार्यालयात 'आता हा काय त्रास' असा सूर लागतो, आणि तिथूनच पुढचं सगळं बिघडतं. उत्तर देण्यापेक्षा प्रश्न वाटेला लावण्याकडे कल होतो.

पैसे पुढे पाठवले की खर्च दाखवणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. शासनाने निधी संचालनालयाला दिला, तिथे खर्च दाखवला. संचालनालयाने जिल्हा परिषदेला दिला, खर्च दाखवला. आपण पंचायत समितीला, तिने ग्रामपंचायतीला. प्रत्येक जण आपल्या पुस्तकात खर्ची टाकतो आणि वर शंभर टक्के खर्चाचा अहवाल जातो. पैसे मात्र शेवटच्या बँक खात्यात तसेच पडून असतात. राज्याच्या पातळीवरही हेच होतं. मार्चअखेरीस रक्कम स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात असलेल्या ठेव खात्यात) वळवली की एकत्रित निधीतून ती खर्च झाल्याचं दिसतं, प्रत्यक्षात ती '८४४३ नागरी ठेवी' या लेखाशीर्षाखाली बसलेली असते. राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालांमध्ये कॅग (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवतं.

एका जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. शाळाखोल्यांच्या बांधकामासाठी निधी आला होता, काम ग्रामपंचायतीमार्फत. मार्च संपत आला आणि वरून फोन सुरू झाले: उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) पाठवा, नाहीतर पुढचा हप्ता अडकेल. गटविकास अधिकाऱ्यांनी ग्रामपंचायतीला दिलेली रक्कम म्हणजेच झालेला उपयोग असं धरून प्रमाणपत्र दिलं. आमच्याकडच्या संबंधित विभागाने सगळ्या तालुक्यांची बेरीज मारली आणि ते वर गेलं. सही करताना मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही, कोणी मागितली नाही.

पुढे पंचायती राज समिती जिल्ह्यात आली. समितीचे सदस्य फक्त जिल्हा परिषदेत बसून साक्ष घेऊन थांबत नाहीत. गट करून तालुक्यांत जातात, शाळा आणि आरोग्य केंद्रं पाहतात. एक गट नेमका त्या शाळेवर गेला. खोली लिंटलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या पट्टीपर्यंत) आलेली, वर आकाश. मुलं समाजमंदिरात बसत होती आणि मुख्याध्यापिकांनी ते सरळ सांगून टाकलं. सदस्यांच्या हातात आमच्याच प्रमाणपत्राची प्रत होती. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "या कागदावर सही झाली त्या दिवशी ही भिंत किती उंच होती?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही. पैसे कोणी खाल्ले नव्हते. ग्रामपंचायतीच्या खात्यात रक्कम शिल्लक होती, पासबुकात दिसत होती. वाळूचा लिलाव लांबल्याने काम थांबलं होतं, हे कारण खरं होतं आणि ते कोणीही समजून घेतलं असतं. पण कागदावर 'पूर्ण उपयोग झाला' असं लिहिलेलं असल्यामुळे खरं कारणही बनाव वाटू लागलं. साक्षीत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना उभं राहून ते ऐकावं लागलं. समितीने बाकीच्या तालुक्यांचीही प्रमाणपत्रं मागवली, सगळ्या कामांची फेरतपासणी लागली आणि ज्या पुढच्या हप्त्यासाठी घाई केली होती तोच अडकला. मुलांनी आणखी एक पावसाळा समाजमंदिरात काढला. मला राग येतो तो या शेवटच्या गोष्टीचा.

माझी सवय सांगतो. उपयोगिता प्रमाणपत्राच्या टिप्पणीसोबत मी चार रकान्यांचा तक्ता लावल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही: मिळालेली रक्कम, पुढे दिलेली रक्कम, प्रत्यक्ष झालेला खर्च, आणि अखर्चित रक्कम कोणाच्या कोणत्या खात्यात आहे. प्रत्येक रकान्याला 'दि. ... रोजीची स्थिती' हवीच. बांधकाम असेल तर मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक आणि पान. शाखा अभियंत्याला फोन करून मी फक्त एकच विचारतो: काम जोत्यापर्यंत, लिंटलपर्यंत की छतापर्यंत? या प्रश्नाला गोलमोल उत्तर देता येत नाही. ज्या रकमेचा पुरावा नाही ती रक्कम प्रमाणपत्रात येत नाही, मग वरून कितीही फोन येवोत. साठ टक्क्यांचं खरं प्रमाणपत्र पाठवलं म्हणून कोणाची नोकरी गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

नव्या मुलांना हे संथ वाटतं. मागच्या वर्षीच्या फाईलमध्ये रक्कम आणि तारीख बदलली की काम झालं, असं त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं. त्याच सवयीने मागच्या वर्षी बदली झालेल्या अधिकाऱ्याचं नावही तसंच छापून जातं.

अर्धसमास पत्र टेबलाखाली सरकवणं

महालेखापालांचं, म्हणजे कॅगच्या राज्यातल्या कार्यालयाचं, लेखापरीक्षा पथक कार्यालयात आलं की पहिल्या दिवसापासून अर्धसमास पत्रं देऊ लागतं. डावीकडे त्यांचा प्रश्न, उजवीकडे आपलं उत्तर. बहुतेक ठिकाणी त्यावर 'माहिती संकलित करून सादर करण्यात येईल' एवढंच लिहून मोकळे होतात. पथक निघून जातं आणि सगळे सुटल्यासारखे वागतात.

पुढे काय होतं ते बघा. उत्तर न मिळालेला मुद्दा निरीक्षण अहवालात जातो. तिथेही अनुपालन (पूर्ततेचं उत्तर) नाही गेलं आणि रक्कम मोठी असली तर त्याचा प्रारूप परिच्छेद, म्हणजे अहवालातल्या मजकुराचा मसुदा, होऊन सचिवांकडे येतो आणि त्याला उत्तर द्यायला सहा आठवडे असतात. तेही गेले की परिच्छेद कॅगच्या अहवालात छापला जातो. अनुच्छेद १५१ प्रमाणे अहवाल राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधिमंडळासमोर ठेवायला लावतात. मग लोकलेखा समिती तो हातात घेते, स्पष्टीकरणात्मक ज्ञापन (विभागाचा लेखी खुलासा) मागते, सचिवांची साक्ष लावते. एव्हाना कित्येक वर्षं उलटलेली असतात. संबंधित लिपिक निवृत्त झालेला, गठ्ठा तळघरात, आणि कालपरवा रुजू झालेले सचिव समितीसमोर उत्तर देत उभे. मूळ मुद्दा कधी कधी एवढाच असतो की तीन दरपत्रकं फाईलला लावायची राहिली होती आणि ती शेजारच्या कपाटात होती.

'अभिलेख उपलब्ध करून दिला नाही' हा शेरा तर कधीच ओढवून घेऊ नका. कॅगच्या १९७१ च्या अधिनियमातल्या कलम १८ प्रमाणे त्यांना हिशेब, पुस्तकं आणि कागद मागायचा अधिकार आहे. फाईल सापडत नसेल तर तसं लेखी द्या, कुठे शोधली ते लिहा आणि सापडली की पोच घेऊन पाठवा. जी फाईल लेखापरीक्षेत दिली नाही ती समितीच्या साक्षीत अचानक बाहेर काढणं म्हणजे तर स्वतःहून संशय ओढवून घेणं. समितीचा पहिला प्रश्न असतो: हे कागद तेव्हा का नव्हते, आणि आता कुठून आले?

मी पथकाच्या मुक्कामात रोज संध्याकाळी त्या दिवशीची सगळी अर्धसमास पत्रं एका वहीत चढवतो आणि शेवटच्या दिवसाआधी जेवढी मिटवता येतील तेवढी मिटवतो. लेखापरीक्षकही माणसंच आहेत. आठवड्याभरात नीट कागद दाखवला तर ते मुद्दा वगळतात. वर्षानंतर तोच कागद दाखवला तर मुद्दा वगळून घेणं फार जड जातं.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

बीम्सवर (शासनाच्या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर) एक आकडा, कोषागाराकडे दुसरा, महालेखापालांच्या पुस्तकात तिसरा. अधिवेशनाच्या तोंडावर हे कळतं आणि मग सोयीचा आकडा निवडला जातो. असं करू नका. बीम्सवरचं वितरण म्हणजे खर्चाची मुभा, खर्चाचा पुरावा नव्हे. फरक सापडत नसेल तर मी या क्रमाने बघतो: देयक चुकीच्या उद्दिष्ट शीर्षाखाली (खर्चाचा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकाखाली) गेलं का (वेतनाचं सहायक अनुदान ३६ ऐवजी वेतनेतरच्या ३१ मध्ये जाणं रोजचंच आहे), मार्चचं देयक एप्रिलमध्ये पारित झालं का, आणि मागच्या वर्षीची अखर्चित रक्कम चलनाने भरून ती या वर्षीच्या खर्चातून वजा केली का. निम्म्याहून जास्त फरक इथेच सापडतात. खरा उपाय दर महिन्याचा खर्चमेळ, म्हणजे आपला खर्च कोषागार आणि महालेखापालांच्या आकड्यांशी ताडून घेणं. वर्षाचा खर्चमेळ एका रात्रीत करायला बसणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

एकाच उत्तरात एक प्रपत्र लाखांत आणि दुसरं हजारांत देऊ नका. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर 'रुपये लाखांत' छापा.

संक्षिप्त देयकावर (खर्चाचे पुरावे न जोडता) रक्कम काढली तर पुराव्यांसह तपशीलवार देयक महिनाभरात जायला हवं. ते थकलं की ती रक्कम कुठे गेली हे सभागृहाला कोणीच सांगू शकत नाही.

डिसेंबरच्या अधिवेशनात पुरवणी मागणी (जादा निधीची मागणी) करायची आणि वर्षअखेरीस मूळ तरतूदही शिल्लक ठेवायची, हे मंजुरी आणि खर्च शेजारी मांडणाऱ्या विनियोजन लेख्यांत लगेच उघडं पडतं. मागणीचं कारण लिहिणाऱ्याने त्या दिवसापर्यंतचा खर्च आधी बघावा.

बचत (न वापरलेली तरतूद) ३१ मार्चला समर्पित, म्हणजे शासनाला परत, करून उपयोग नाही. ती दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरता येत नाही. पदं भरली जाणार नाहीत हे डिसेंबरातच माहीत असतं.

बचतीचं कारण 'पदे रिक्त असल्यामुळे' एवढंच लिहू नका. कोणती, किती आणि केव्हापासून ते लिहा.

तारांकित प्रश्नाच्या शेवटच्या भागात 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' असं विचारलेलं असतं. त्यासमोर 'प्रश्न उद्भवत नाही' हे डोळे मिटून टाकू नका. वर 'अंशतः खरे आहे' म्हटलंत तर जो भाग खरा आहे त्याचा विलंब तुम्हाला सांगावाच लागेल.

'चौकशी करण्यात येईल' हे मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात गेलं की ते आश्वासन होतं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. मसुदा करणाऱ्याने हे वाक्य लिहिण्याआधी चौकशी कोण करणार ते ठरवावं.

'निरंक' (सांगण्यासारखं काही नाही) लिहिण्याआधी सगळ्या तालुक्यांकडून लेखी निरंक आलंय का ते बघा. ज्याचं उत्तर आलं नाही तो तालुका निरंक नसतो.

'सहपत्र सोबत जोडले आहे' असं लिहून सहपत्र न जोडणं. पाकीट बंद करण्याआधी मोजा.

चूक आधीच वर गेली असेल तर

हे सगळ्यात घाबरवणारं, आणि इथेच लोक गप्प बसतात. पुढच्या अहवालात आकडा हळूच बदलतात. कोणाच्या लक्षात येणार नाही असं वाटतं, पण समितीच्या कक्षात मागची उत्तरं शेजारी ठेवूनच नवी वाचली जातात. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर हक्कभंगापर्यंत जाऊ शकतं.

कळल्या दिवशीच टिप्पणी ठेवा. पाठवलेला आकडा, खरा आकडा, फरक, फरकाचं कारण आणि पुरावा, एवढं एका पानात बसतं. विभागप्रमुखांची सही घेऊन ती वर पाठवा आणि जावक क्रमांक लिहून ठेवा. उत्तर सभागृहात दिलं गेलं असेल तर मंत्री निवेदन करून ते दुरुस्त करू शकतात, पण त्यासाठी त्यांच्यापर्यंत कागद पोचला पाहिजे. समितीकडे गेलेलं असेल तर साक्षीच्या तारखेआधी सुधारित माहिती द्या. साक्ष सुरू झाल्यावर दिलेली दुरुस्ती पकडल्यावर दिलेल्या कबुलीसारखी वाटते. कारण लिहिताना 'नजरचुकीने' हा शब्द वापरू नका. बेरजेत एक तालुका दोनदा आला असेल तर तालुक्याचं नाव लिहा.